१९१ नंबरची मांजर: फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या सिंगल्स जमवण्याविषयी

फॅक १ हे पोस्टर आहे. फॅक २ ही रेकॉर्ड. फॅक ७ म्हणजे ऑफिसचे छापील पत्रकागद. फॅक ५१ हा नाइटक्लब, फॅक ६१ हा कोर्टातला दावा, फॅक ९९ हे एका भागीदाराचं डेंटिस्टचं बिल. फॅक १४८ ही एका जुन्या कापडगिरणीतल्या पाण्याच्या चाकाची बादली, जिच्यासाठी कंपनीने देणगी दिली होती. आणि फॅक १९१ ही त्या नाइटक्लबात वावरणारी मांजर.

हा मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचा कॅटलॉग आहे (‘फॅक’ म्हणजे फॅक्टरीचंच छोटं रूप), आणि गंमत म्हणजे तो अधिकृत आहे. ज्याला या कंपनीच्या सिंगल्स जमवायच्या आहेत त्याची पंचाईत इथेच सुरू होते. रेकॉर्ड जमवणारा माणूस चालतो नंबरांवर. प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरवर आणि मधल्या गोल कागदावर कंपनीने दिलेला कॅटलॉग नंबर असतो. एकापासून सुरुवात करायची, मधली भोकं भरत जायची आणि यादी संपली की संग्रह पुरा झाला, हा साधा हिशेब. फॅक्टरीच्या बाबतीत तो पहिल्याच पायरीवर कोलमडतो. हातात मासिक पाळीचं वेळापत्रक मोजणाऱ्या यंत्राचं नुसतं डिझाइन (फॅक ८, चित्रकार लिंडर स्टर्लिंगची कल्पना) असेल तर तुम्ही विकत काय घेणार? ते यंत्र कधी बनलंच नाही.

मुळात ही कंपनी आली कुठून, ते थोडक्यात. १९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताचा धुरळा उडाला. गाणं शिकलेलं नसलं तरी चालेल, तीन कॉर्ड येतात ना, मग उभे राहा, असा तो मामला होता. त्याहून टिकाऊ गोष्ट त्याच सुमारास मँचेस्टरमध्ये घडली. बझकॉक्स नावाच्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारी करून स्वतःची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १,००० प्रती, आणि त्या हातोहात खपल्या. लंडनच्या बड्या कंपनीच्या दारात न जाता रेकॉर्ड काढता येते, हे लोकांना दिसलं. मग गावोगावी चिमुकली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, निघाली. पंकचा आवेश ओसरल्यावर त्याच मोकळेपणातून जे वेगवेगळं, काहीसं थंड, विचित्र, कधी नाचरं संगीत झालं त्याला पोस्ट-पंक म्हणतात. त्याची एकच एक चाल किंवा शैली दाखवता येत नाही.

‘इंडिपेंडंट’ किंवा ‘इंडी’ या शब्दाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. आज आपण तो संगीताच्या प्रकारासाठी वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ व्यापारी होता. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली. तिच्यात शिरायला एकच अट होती: रेकॉर्डचं वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेतून झालेलं नसावं. गाणं कसं वाजतं याच्याशी यादीला काही देणंघेणं नव्हतं, माल कोणाच्या गाडीतून दुकानात आला एवढंच पाहिलं जाई.

फॅक्टरी याच लाटेतली, पण तिची तऱ्हाच न्यारी. टोनी विल्सन हा ग्रॅनाडा टीव्हीवरचा निवेदक आणि त्याचा मित्र अॅलन इरॅस्मस, या दोघांनी १९७८ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या ह्यूम भागातल्या रसेल क्लबमध्ये ‘द फॅक्टरी’ नावाने संगीताच्या रात्री भरवायला सुरुवात केली. पोस्टर करायला पीटर सॅव्हिल नावाचा डिझाइनचा विद्यार्थी मिळाला. त्याने कारखान्यातल्या धोक्याच्या पाटीसारखं पिवळं-काळं सुंदर पोस्टर केलं आणि कार्यक्रम होऊन गेल्यावर आणून दिलं. इतर कोणी असतं तर पोराला हाकलून दिलं असतं. यांनी त्या पोस्टरला फॅक १ हा नंबर दिला आणि पोराला भागीदार केलं! पुढे निर्माता मार्टिन हॅनेट आणि जॉय डिव्हिजन या बँडचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन हेही भागीदार झाले. ऑफिस म्हणजे पॅलटाइन रोडवरचा इरॅस्मसचा राहता फ्लॅट. बँडशी व्यवहार असा की खर्च वजा जाता जे उरेल ते निम्मं-निम्मं, आणि संगीताची मालकी बँडकडेच.

म्हणजे नंबर देण्याची कल्पना पहिल्या दिवसापासून उलटी होती. बाकीच्या कंपन्या विकायच्या मालाला नंबर देत. फॅक्टरीच्या हातून जे जे घडेल, ते सगळं त्यांच्या मते एकाच कामाचा भाग होतं. हॅनेटने १९८२ मध्ये कंपनीवरच दावा लावला, तर त्या दाव्यालाही नंबर मिळाला. ऑगस्ट २००७ मध्ये विल्सन वारला, तेव्हा कंपनी बुडून पंधरा वर्षं होत आली होती. तरी त्याच्या शवपेटीला फॅक ५०१ हा नंबर दिला गेला. मला हा सगळा प्रकार निम्मा विनोद आणि निम्मा अगदी गंभीर वाटतो, आणि तो नेमका कुठे विनोद आहे हे ठरवता येत नाही, हीच त्याची मजा.

तरी नंबरांत थोडी शिस्त सापडते आणि ती कळली की शोधणं सोपं जातं. फॅक नंतर ‘टी’ असेल, म्हणजे फॅक्ट १०, फॅक्ट २५, तर तो बहुतेक वेळा मोठा अल्बम. नुसतं फॅक असेल तर सिंगल, पोस्टर, मांजर, काहीही. जॉय डिव्हिजन आणि त्यातूनच पुढे झालेल्या न्यू ऑर्डरच्या सिंगल्सना ३ ने संपणारे नंबर राखून ठेवलेले असत: १३, २३, ३३, ५३, ६३, ७३ असे. हॅपी मंडेज या बँडला पुढेपुढे २ ने संपणारे: २१२, २४२, २७२, ३०२. इमारती आणि त्यांच्या आसपासच्या भानगडींना बऱ्याचदा १: ५१ हा हासिएंडा क्लब, २०१ हा ड्राय बार, २५१ हे चार्ल्स स्ट्रीटवरचं नवं ऑफिस. मांजर १९१ का, तर ती हासिएंडाची.

नंबर असे आधीच राखून ठेवल्यामुळे त्यांच्यावरून तारीख मात्र काढता येत नाही. फॅक ५३ ही सिंगल सप्टेंबर १९८१ मध्ये बाजारात आली आणि फॅक ५१ हा क्लब उघडला २१ मे १९८२ ला. नंबर लहान म्हणजे प्रत जुनी, हा नवख्या माणसाचा नेहमीचा समज इथे सोडून द्यावा.

आता खुद्द सिंगल्सकडे येऊ. सिंगल म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड: नेहमीची सात इंची, बहुधा मिनिटाला ४५ फेरे घेणारी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाचाच्या गाण्यांसाठी बारा इंची सिंगल आली. जागा जास्त, त्यामुळे खाचा रुंद कापता येतात आणि खालचा ठेका दणदणीत उमटतो. फॅक्टरीत एकाच गाण्याच्या दोन्ही आकारांच्या प्रती असल्या की बाराइंचीला २३.१२ असा शेपटीवाला नंबर मिळे.

पहिली रेकॉर्ड फॅक २, ‘अ फॅक्टरी सॅम्पल’. सात इंची दोन तबकड्या, चार कलावंत: जॉय डिव्हिजन, दुरुत्ती कॉलम, कॅबरे व्होल्टेअर आणि विनोदी नट जॉन डावी. विल्सनने आईकडून वारशात आलेले पैसे यात घातले. १९७९ च्या जानेवारीत ती दुकानांत आली, प्रती ५,०००. कव्हर बघण्यासारखं आहे: तांदळाच्या पातळ कागदावर चंदेरी छपाई, त्याची घडी आणि वर उष्णतेने चिकटवलेलं झिरझिरीत प्लास्टिक. आत पाच स्टिकर. दिसायला देखणं, टिकायला अगदीच नाजूक. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बहुतेक प्रतींचं प्लास्टिक कडेने उसवलंय आणि स्टिकर कुणाच्या तरी शाळेच्या वहीवर जाऊन बसलेत. म्हणून फॅक २ विकणाऱ्याला पहिला प्रश्न गाण्यांबद्दल विचारायचाच नाही. प्लास्टिक शाबूत आहे का आणि स्टिकर पाचच्या पाच आहेत का, एवढं विचारायचं.

फॅक ६ ही ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्कची ‘इलेक्ट्रिसिटी’, मे १९७९. सॅव्हिलने काळ्या कव्हरवर काळ्याच शाईत छापायचं ठरवलं. ओल्या शाईवर भुकटी टाकून ती तापवली की अक्षरं फुगून वर येतात, तशी ही छपाई. उजेडात तिरपी धरली तरच अक्षरं दिसतात, नाहीतर बोटांनी वाचायची. त्या तापवण्याच्या भानगडीत छापखान्याला आग लागल्याचा किस्सा सांगितला जातो. ५,००० प्रतींनंतर बँड दुसऱ्या लेबलकडे गेला आणि गाणं तिथून पुन्हा निघालं, त्यामुळे फॅक ६ तेवढीच राहिली. घेताना कव्हरच्या कडा पाहाव्यात. काळ्यावर पांढरा ओरखडा लगेच डोळ्यांत भरतो.

फॅक १९ जॉन डावीची, अंड्याच्या आयुष्यातल्या अडचणींविषयी. पांढरी तबकडी आणि कव्हरात एक पांढरं पीस. पीस नसेल तर प्रत अपुरी! फॅक २८ ही जॉय डिव्हिजनची प्लास्टिकच्या पातळ पानावर दाबलेली फ्लेक्सी, १९८० मध्ये दुकानांतून फुकट वाटलेली. फुकट वाटलेली वस्तू आज लोक पैसे मोजून घेतात, तीही सुरकुत्या नसल्याची खात्री करून.

सगळ्यात शिकवणारी सिंगल मात्र फॅक ३३, न्यू ऑर्डरची ‘सेरेमनी’. हे गाणं मुळात जॉय डिव्हिजनचं. गायक इयन कर्टिस १८ मे १९८० ला वारला. उरलेल्या तिघांनी नवं नाव घेऊन हॅनेटच्या हाताखाली ते ध्वनिमुद्रित केलं आणि जानेवारी १९८१ मध्ये पहिली सिंगल म्हणून काढलं, मार्चमध्ये बारा इंची. दरम्यान जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली होती. चौघांनी मिळून गाणं पुन्हा मुद्रित केलं आणि सप्टेंबर १९८१ मध्ये तीही बाराइंची बाजारात आली, नंबर तोच. गाणं तेच, नंबर तोच, पण ध्वनिमुद्रण वेगळं, माणसं वेगळी आणि कव्हर वेगळं: पहिलं हिरवं, त्यावर काशाच्या रंगाची अक्षरं, दुसरं फिकट सायीच्या रंगाचं, निळ्या पट्ट्याचं. विक्रेत्याने नुसता नंबर लिहिला असेल तर आपण काय विकत घेतोय ते कळत नाही. आणि इतक्या वर्षांत कव्हरं अदलाबदल झालेली असू शकतात.

अशा वेळी तबकडीच वाचावी लागते. गाणं संपल्यावर सुई जिथे गुळगुळीत पट्ट्यात शिरते तिथे, मधल्या गोल कागदाच्या कडेला, आकडे-अक्षरं कोरलेली असतात. हा मॅट्रिक्स नंबर: कोणत्या मास्टरवरून, म्हणजे मूळ तबकडीवरून, ही प्रत दाबली गेली त्याची खूण. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको, ती मॅट्रिक्सवरच भांडतात. विलायतेत मात्र मास्टरवर खाचा कापणारे कारागीर तिथे हाताने काहीबाही खरडतही असत. जॉर्ज पेकम या कारागिराची ‘अ पोर्की प्राइम कट’ ही सही तर प्रसिद्धच आहे. जॉय डिव्हिजनच्या पहिल्या अल्बमवर एका बाजूला ‘धिस इज द वे’ आणि दुसरीवर ‘स्टेप’ असं कोरलंय. त्यांच्याच ‘स्टिल’ या दोन तबकड्यांच्या अल्बमवर पहिल्या बाजूला ‘कोंबडी थांबत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द, मधल्या दोन बाजूंवर कोंबडीच्या पायांचे ठसे आणि चौथ्या बाजूला ‘कोंबडी इथे थांबते’. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून ती पावलं पहिल्यांदा दिसली की माणूस या छंदाला लागलाच म्हणून समजा.

बनावट प्रतीही इथेच उघड्या पडतात. महाग रेकॉर्डच्या नकला निघतात. जॉय डिव्हिजनने फॅक्टरीच्या आधी स्वतः काढलेली १,००० प्रतींची सात इंची रेकॉर्ड आणि फ्रान्सच्या सॉर्दीद सांतिमांताल लेबलने मार्च १९८० मध्ये काढलेली १,५७८ क्रमांकित प्रतींची ‘अॅटमॉस्फिअर’ या दोन्हींच्या नकला फिरतात. फोटोत नेहमी पुढचं कव्हर दाखवलेलं असतं. आपण त्या गुळगुळीत पट्ट्याचा जवळून काढलेला फोटो मागायचा. देत नसेल तर सौदा सोडायचा.

आणि फॅक ७३, ‘ब्लू मंडे’, ७ मार्च १९८३. साडेसात मिनिटांचं गाणं, फक्त बारा इंची. सॅव्हिलने बँडकडे कॉम्प्युटरची फ्लॉपी डिस्क पाहिली आणि कव्हर तसंच केलं: काळा चौकोन, त्याला कापलेली तीन भोकं, भोकांतून आतलं चंदेरी पाकीट दिसतं. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. उजव्या कडेला रंगीत ठोकळ्यांची रांग, आणि त्या रंगांची किल्ली पुढे मे महिन्यात आलेल्या अल्बमच्या (फॅक्ट ७५) मागच्या बाजूला, चक्राच्या रूपात. म्हणजे सिंगलचं नाव वाचायला अल्बम घ्या. हे कव्हर छापायला-कापायला इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला, असं म्हणतात. किती पेन्सचा, यावर त्या मंडळींचंच एकमत नाही, आणि तोटा खरंच किती काळ चालला यावरही नाही. नाकापेक्षा मोती जड, एवढं मात्र खरं. पुढे साध्या, भोकं नसलेल्या कव्हरात ती निघू लागली. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेली बाराइंची सिंगल हीच, आणि म्हणूनच जमवणाऱ्याच्या दृष्टीने ती दुर्मीळ अजिबात नाही. फॅक्टरीचं सगळ्यात खर्चिक म्हणून गाजलेलं कव्हर भोकांसकट आजही सहज मिळतं. कंपनीला किती खर्च आला आणि आज काय भाव पडतो, यांचा एकमेकांशी संबंध नसतो. भाव ठरतो किती प्रती निघाल्या, किती धड उरल्या आणि किती जणांना हव्यात यावर.

कंपनी बुडाली नोव्हेंबर १९९२ मध्ये. हासिएंडा पैसे गिळत होता, नवं ऑफिस महागात पडलं होतं, हॅपी मंडेजचा अल्बम बार्बाडोसमध्ये भरमसाट खर्चात झाला होता. लंडन रेकॉर्ड्स विकत घ्यायला आली तेव्हा संगीत बँडच्याच मालकीचं असल्याचा जुना कागद निघाला. मग विकत घ्यायला उरलं काय? अशा कंपनीच्या वस्तूंवर लोक जीव टाकतात ते उगीच नाही.

तर मग जमवायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण फॅक मालिकेच्या मागे लागू नये. ती मालिका पूर्ण न होण्यासाठीच रचलेली आहे. ब्रिटनमध्ये निघालेल्या, नुसत्या फॅक नंबराच्या सात आणि बारा इंची सिंगल्स, १९७९ ते १९९२, एवढं कुंपण घालावं. ब्रसेल्सची बहीण-कंपनी फॅक्टरी बेनेलक्स (एफबीएन नंबर) आणि अमेरिकेतल्या आवृत्त्या पहिल्या फेरीत बाहेर ठेवाव्यात. हे कुंपणही मोठं वाटलं तर एकच वर्ष घ्यावं, किंवा एकच बँड. काही जण फक्त फॅक ५३ जमवतात. न्यू ऑर्डरच्या या सातइंचीचं कव्हर इटालियन चित्रकार फॉर्तुनातो देपेरोच्या जुन्या रचनेवरून केलेलं आणि नऊ वेगवेगळ्या रंगांत छापलेलं आहे. नऊ प्रती, एकच गाणं. बायको किंवा नवरा काय म्हणेल ते आपापलं पाहावं.

नुसतं ऐकायचं असेल तर जुनी प्रत लागत नाही. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने न्यू ऑर्डर आणि जॉय डिव्हिजनच्या बऱ्याच बाराइंची अलीकडे मूळ कव्हरांसकट पुन्हा काढल्या आहेत आणि त्या चांगल्या वाजतात. सुरुवातीला फॅक ३३ ची दोन्ही ध्वनिमुद्रणं या नव्या छपाईत घेऊन लागोपाठ ऐकावीत. मग जुन्या प्रतीचा मोह झालाच, तर फॅक ५३ ची मिळेल त्या रंगाची एक घ्यावी. फॅक २ कडे सर्वांत शेवटी वळावं.

विलायतेहून मागवताना दर्जाची भाषा समजून घ्यावी. ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नवी. ‘व्हीजी प्लस’ म्हणजे वापरलेली पण नीट. नुसतं ‘व्हीजी’ म्हणजे करकर ऐकू येणारच, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. तबकडी आणि कव्हर यांचे दर्जे वेगवेगळे दिलेले असतात आणि फॅक्टरीच्या बाबतीत दुसरा जास्त महत्त्वाचा. टपालखर्च आणि कस्टम धरूनच भाव पाहावा, नाहीतर स्वस्तातली प्रत दुपटीला पडते. घरी आली की उभी ठेवावी, बाहेरचं पाकीट पीव्हीसीचं नसावं, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल टाकावं. कागदी कव्हरावर बुरशी धरली की निघत नाही. मागवतानाच विक्रेत्याला सांगावं की तबकडी कव्हराबाहेर काढून मागे वेगळ्या पाकिटात ठेव. नाहीतर प्रवासात ती आतून आपटत राहते आणि कव्हरची शिवण फाटूनच हातात येते.